घरच्या घरी हाय-फाय रॅक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेयर आणि फोनो स्टेज (टर्नटेबलवरच्या रेकॉर्डचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा) ठेवायला मी आजवर चार रॅक केले. पहिला एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा) होता, तो दुसऱ्या पावसाळ्यात फुगला. दुसरा डुलायचा. तिसऱ्याला हौसेनं कडप्पा लावला, आणि घर बदलताना हमालांनी त्याच्यापुढे हात जोडले. चौथा अजून उभा आहे. माझं हे कौतुक ऐकून मित्र आणि मित्रांचे मित्र फोन करतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

मुळात वेगळा रॅक हवाच कशाला? टीव्ही युनिटमध्ये जागा आहे की.

असेल, पण टीव्ही युनिट तीन बाजूंनी बंद असतं, मागे प्लायचा पत्रा ठोकलेला असतो आणि खोली जेमतेम ३५ सेंमी. अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच ३५ ते ४० सेंमी खोल असतो. शिवाय मागे वायरींना निदान ५ ते ७ सेंमी लागतात. मग आपण मागच्या पत्र्याला गोल भोक पाडतो, वायरी कोंबतो आणि एक दिवस डावा चॅनल बंद पडला की मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून पालथे पडतो. उघड्या रॅकचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की मागे हात जातो. दुसरा फायदा हवा खेळती राहते. आवाजाचा मुद्दा तिसरा.

तिसरा? रॅक बदलला की आवाज बदलतो असं ऐकलंय.

टर्नटेबल असेल तर बदलू शकतो. नसेल तर माझ्या कानांना तरी फरक कळलेला नाही. डीएसी (डिजिटल सिग्नलचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा), स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा), ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प यांत हलणारं असं काही नसतं. सीडी प्लेयरमध्ये तबकडी मिनिटाला साधारण २०० ते ५०० फेरे घेते, पण वाचताना झालेल्या चुका दुरुस्त करायची सोय त्या तंत्रातच आहे. व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या वापरणारा) प्रीअ‍ॅम्प मात्र थोडा हळवा असतो. ईसीसी-८३ सारख्या छोट्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीनं हलकं टिचकवलं की स्पीकरमधून 'टिंग' येतो. त्याच्याखाली मऊ पाय लावले तर उपयोग होतो.

टर्नटेबलची गोष्टच निराळी. सुईचं काम आहे खाचेतली थरथर ओळखणं, आणि ती थरथर मायक्रॉनमध्ये मोजतात. आपला केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. थरथर रेकॉर्डमधून आली की टेबलातून, हे सुईला कळत नाही. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं कार्ट्रिज (सुई बसवलेला, थरथरीची वीज करणारा भाग) साधारण ५ मिलीव्होल्ट देतं आणि सीडी प्लेयर २ व्होल्ट, म्हणजे चारशे पट फरक. तो फरक फोनो स्टेज भरून काढतो. वर रेकॉर्ड कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले असतात, ते परत उचलावे लागतात. २० हर्ट्झला ही उचल मधल्या सुरांच्या तुलनेत जवळजवळ दहापट पडते. पावलांची धपधप, दाराचा धक्का, खालच्या रस्त्यावरून गेलेला टँकर हे सगळं नेमकं या खालच्या पट्ट्यात असतं. त्यामुळे रॅक टर्नटेबलसाठी बनवायचा, बाकीची मंडळी त्यात पाहुणी.

माझं घर आरसीसीचं आहे. मलाही पावलांचा त्रास होईल का?

स्लॅबवर थेट फरशी असेल तर क्वचितच. दणकट रॅक, चार पाय नीट टेकलेले, एवढं पुरे. त्रास होतो तो गिरगावातल्या जुन्या चाळीत किंवा पुण्याच्या पेठेतल्या वाड्यात वरच्या मजल्यावर, जिथे तुळयांवर लाकडी तक्तपोशी आहे. तिथे कुणी चालत गेलं की सुई उडी मारते. अशा घरात जड रॅक आणून काही होत नाही, कारण रॅक जमिनीसोबतच हलतो. तिथे रॅक खोलीच्या मध्यापासून हलवून भिंतीलगत, तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे न्या. तेवढ्यानं भागलं नाही तर टर्नटेबल थेट भिंतीवर चढवा. त्याबद्दल पुढे आहे.

फळ्यांसाठी काय वापरू : प्लाय, एमडीएफ, सागवान की दगड?

प्लाय. १८ किंवा १९ मिमी, आणि घेताना हात सैल सोडून चांगला घ्या. मरीन ग्रेडच्या प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो. तो बाथरूमसाठी असतो, हाय-फायसाठी कशाला, असं दुकानदार म्हणेल. पण कोकणात किंवा मुंबईत चार महिने हवेत जी ओल असते ती पाहता मला तो जास्त भरवशाचा वाटतो. पानाची, म्हणजे प्लायच्या अख्ख्या तक्त्याची, कड नीट बघा. मधल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर दुसरं पान मागा. बोटाच्या पेरानं ठिकठिकाणी वाजवून पाहिलं तर पोकळ जागी आवाज वेगळा येतो. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

एमडीएफला परदेशी हौशी मंडळी डोक्यावर घेतात, कारण तो सगळीकडे सारखा घट्ट असतो आणि टिचकीला फारसा गुंजत नाही. दोन्ही खरं आहे. पण आपल्याकडे साध्या एमडीएफच्या कडेनं एकदा ओल शिरली की ती बिस्किटासारखी फुगते आणि पुन्हा बसत नाही. शिवाय वजनाखाली तो महिनोन्महिने हळूहळू वाकत राहतो. माझ्या पहिल्या रॅकची मधली फळी दीड वर्षात डोळ्यांना दिसेल इतकी खाली आली होती. एमडीएफच हवा असेल तर एचडीएचएमआर (जास्त घट्ट, ओलीला कमी दाद देणारा बोर्ड) घ्या आणि चारही कडा बंद करा. पार्टिकल बोर्डाच्या वाटेला जाऊच नका.

साग उत्तम, पण १८ इंच रुंद सलग सागाची फळी आता मिळणार नाही. पट्ट्या जोडून करावी लागते. घरात जुना पलंग, दाराची चौकट किंवा देव्हाऱ्याचं लाकूड पडलं असेल तर सोनं समजा. जुनं लाकूड मुरलेलं असतं, वाकत नाही. मात्र रंधा मारण्याआधी खिळे काढलेत ना, हे चुंबक फिरवून बघा.

दगडाचा मोह सगळ्यांना होतो. ६० बाय ४५ सेंमीचा २० मिमी कडप्पा साडेचौदा किलोच्या आसपास भरतो. तेवढ्याच आकाराची १८ मिमी प्लायची फळी सव्वातीन किलो. कडप्पा ताठ आहे, सपाट आहे, चहा सांडला तरी पुसता येतो. पण तो वाजतो. बोटानं ठोका, 'टण्ण' येतो आणि रेंगाळतो. ग्रॅनाइटही तसाच. दगड वापरायचाच तर सगळ्यात वरच्या फळीवर वेगळा तुकडा ठेवा, खाली जाड फेल्ट घाला. सगळा रॅक दगडाचा नको. माझ्या तिसऱ्या रॅकला चार कडप्पे होते, म्हणजे नुसत्या फळ्यांचं वजन ५८ किलो.

१२ मिमी प्लाय चालेल का? स्वस्त पडतो.

फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. १२ ऐवजी १८ मिमी म्हणजे जाडी दीडपट, ताठपणा जवळजवळ ३.४ पट. हेच उलटंही लागू आहे : दोन पायांतलं अंतर ६० सेंमीचं ९० केलंत, तर तेवढ्याच वजनाला फळी ३.४ पट वाकेल. म्हणून शेजारी-शेजारी दोन यंत्रं ठेवायचा लांबलचक रॅक करायचा असेल तर मध्ये आणखी पाय द्या. १२ मिमी घेऊन जे पैसे उरतात त्यात एक चांगली रेकॉर्डसुद्धा येत नाही.

मापं सांगा.

बहुतेक हाय-फाय यंत्रांची रुंदी ४३० मिमी असते. टर्नटेबल जरा मोठं : टेक्निक्सचं एसएल-१२०० हे ४५३ मिमी रुंद आहे. म्हणून मी फळी ६०० बाय ४५० मिमी धरतो. यामागे आणखी एक हिशेब आहे. ८ बाय ४ फुटी पान म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. त्यातून ६०० बाय ४५० च्या आठ फळ्या निघतात, करवतीची जाडी धरूनही. वर ३०० मिमीहून थोडी रुंद, ८ फूट लांब पट्टी उरते ती निराळीच. चार फळ्या हव्या असतील तर ४ बाय ४ चं अर्धं पान पुरतं. अर्धं पान विकायला दुकानदार सहसा तयार नसतो. अशा वेळी दुसरा हौशी शोधावा. माझी एक मैत्री अशा अर्ध्या पानावरून झाली आहे.

उंचीचं म्हणाल तर खालचा कप्पा २५० मिमी (पॉवर अ‍ॅम्प किंवा इंटिग्रेटेड, म्हणजे सगळं एकाच डब्यात असलेला), वरचे दोन १८०-१८०. वरची फळी मोकळी, तिथे टर्नटेबल. ती जमिनीपासून ७० सेंमीच्या आसपास येते. उभ्यानं रेकॉर्ड लावायला अजून थोडी उंच चालेल, पण उंची वाढली की डुलणंही वाढतं. टर्नटेबलचं झाकण पूर्ण उघडून त्याची उंची मोजा. भिंतीवर वर काही शेल्फ, फोटो, देवघर असेल तर झाकण त्याला आपटतं, आणि हे रॅक पूर्ण झाल्यावरच लक्षात येतं.

घरी वेल्डिंग नाही, सुतारकाम येत नाही. सोप्यात सोपा रॅक कोणता?

आट्यांच्या रॉडचा. चार रॉड, चार फळ्या, नट आणि वायसर. जगभर हौशी लोक हा करतात, कारण यात एकही सांधा जोडावा लागत नाही आणि प्रत्येक फळीची उंची नंतर बदलता येते. सामान असं : १२ मिमीचे १ मीटर लांब आटेवाले रॉड चार, नट ४०, मोठे वायसर ४० (लहान वायसर लाकडात रुततात), वरच्या टोकांना टोपीचे नट चार. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवीला हे सगळं एका फेरीत मिळतं. जस्ताचा मुलामा दिलेलं घ्या. समुद्राजवळ राहत असाल तर स्टेनलेस स्टील परवडतं का बघा, काळं लोखंड एका पावसाळ्यात तांबडं होतं.

आता कृती. चारही फळ्या एकावर एक ठेवून क्लॅम्पनं आवळा आणि प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही कडांपासून ३० मिमी आत १३ मिमीचं भोक एकदमच पाडा. वेगवेगळी पाडलीत तर दोन मिमीचा फरक पडतो आणि रॉड तिरके जातात. हा फरक पडतोच, 'मी नीट मोजेन' म्हणणाऱ्यांचाही. खाली रद्दी फळी ठेवा, म्हणजे भोकाची खालची कड फुटणार नाही. ड्रिल सरळ धरायला शेजारी गुण्या उभा करून ठेवा.

रॉड ७५० मिमीवर कापा. कापण्याआधी कापायच्या जागेच्या आतल्या बाजूला एक नट चढवून ठेवा. हॅक्सॉनं कापून झालं की तो नट बाहेर काढताना बिघडलेले आटे सरळ होतात. हे मला वर्कशॉपमधल्या एका काकांनी शिकवलं, तेही अर्धा तास नट बसत नाही म्हणून घाम गाळल्यावर.

जुळवणी खालून सुरू करा. प्रत्येक फळीला प्रत्येक रॉडवर खाली नट, वायसर, मग फळी, वायसर, नट. खालची फळी जमिनीपासून ४० मिमी वर. आधी सगळे नट हातानं सैल बसवा, सगळा सांगाडा उभा करा, लेव्हल ठेवून फळ्या पाण्यासारख्या सपाट करा आणि मगच पान्यानं आवळा. १२ मिमीच्या नेहमीच्या रॉडवर नट एक फेरा फिरला की १.७५ मिमी सरकतो. म्हणजे एक कोपरा अर्धा मिमी खाली असेल तर नट पाव फेऱ्याहून थोडा जास्त फिरवायचा. असं बारीक समतल करायची सोय सुताराच्या महागड्या रॅकमध्येही नसते. नट इतक्या लांब रॉडवर फिरवून बोटं दुखतात, तेव्हा रॉडचं टोक ड्रिलच्या चकमध्ये धरून रॉडच फिरवा आणि नट हातात धरा.

केला. पण आडवा ढकलला की डुलतो.

डुलणारच. बारीक रॉड आणि उंच कप्पे ही या रचनेची दुखरी नस आहे. आधी नट पुन्हा आवळा, निम्मं डुलणं तिथेच जातं. नंतर मागच्या बाजूला तारेचा फुलीसारखा ताण द्या : दोन टर्नबकल (तार ताणायचे स्क्रू), थोडी स्टीलची तार. तार गिटारसारखी वाजली तर मध्यावर रबराचा तुकडा अडकवा. तेवढंही नको असेल तर सुरुवातीपासूनच १६ मिमीचे रॉड घ्या, भोक १७ मिमी. माझा चौथा रॅक १६ चा आहे. दिसायला थोडा पुलाच्या खांबासारखा वाटतो, आपल्याला आवडतो.

लोखंडी फ्रेम करून घेतली तर?

छान होते. फॅब्रिकेटरला २५ बाय २५ मिमी चौकोनी पाइप, २ मिमी जाडीचा, असं नेमकं सांगा. नाही सांगितलं तर तो पडद्याच्या स्टँडला वापरतो तसला पातळ पाइप लावेल. वेल्डिंगच्या उष्णतेनं फ्रेम पिळवटते. म्हणून पैसे देण्याआधी दोन्ही कर्ण टेपनं मोजा, फरक ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर परत करा. पोकळ पाइप वाजतो, त्यावर इलाज म्हणजे वाळू. नदीची वाळू चाळून, लोखंडी कढईत भाजून, पूर्ण गार करून मग भरायची. ओली भरलीत तर पाइप आतून गंजत जातो आणि तुम्हाला कळतही नाही. भरल्यावर टोकं बंद करा. मी एका पायाचं बूच लावायला विसरलो होतो. दिवाणखान्यात दोन वर्षं वाळूचे कण सापडत होते.

फ्रेमवर फळी स्क्रूनं आवळू नका. कोपऱ्यांत रबराचे चार छोटे तुकडे चिकटवून त्यांवर नुसती ठेवा.

खाली स्पाइक लावू की रबर?

स्पाइक म्हणजे टोकदार पाय. त्यांनी धक्का अडत नाही, रॅक जमिनीत घट्ट रोवला जातो एवढंच. गालिच्याखालची जमीन पकडायला उपयोगी, पण आपल्याकडे गालिचे कमी आणि व्हिट्रिफाइड टाइल्स जास्त. टाइलवर थेट स्पाइक ठेवून सगळं वजन टाकलंत तर टाइल चरा पाडून घेईल, नशीब वाईट असेल तर तडकेल. खाली नाणी ठेवा. जुन्या जाड नाण्यांचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही.

रबराबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. 'मऊ काहीतरी खाली घाला, धक्के जातील' हे अर्धसत्य आहे. मऊ पायांवर ठेवलेली वस्तू स्वतःची एक लय धरते आणि त्या लयीला आलेला धक्का उलट वाढवते. ती लय काढायचा सोपा हिशेब असा : वस्तू ठेवल्यावर पाय किती मिमी दबला ते मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्यानं भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येतं. १ मिमी दबला तर १६ च्या आसपास, ३ मिमी दबला तर ९, १० मिमी दबला तर ५. धक्का अडायला सुरुवात होते ती या आकड्याच्या १.४ पटीनंतर. आता गंमत पाहा. टोनआर्म (कार्ट्रिज धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज यांची स्वतःची लय साधारण ८ ते १२ हर्ट्झमध्ये असते. म्हणजे ३ मिमी दबणारा रबर नेमका नको तिथे जाऊन बसतो. (रबराचा प्रत्यक्ष आकडा या हिशेबापेक्षा थोडा वरच येतो, पण त्यानं चित्र बदलत नाही.) उपयोगाचं काही हवं असेल तर चांगल्या दबणाऱ्या स्प्रिंगा किंवा हवेची ट्यूब. सायकलची लहान ट्यूब अर्धवट फुगवून वर फळी ठेवणं हा जुना, स्वस्त आणि खरोखर चालणारा उपाय आहे. फक्त दर पंधरवड्याला हवा तपासावी लागते आणि टर्नटेबल लेव्हलमध्ये आणताना संयम सुटतो.

ज्या टर्नटेबलच्या पोटातच स्प्रिंगा आहेत, उदाहरणार्थ लिनचं एलपी-१२, त्याच्याखाली पुन्हा मऊ काही घालू नका. स्प्रिंगेवर स्प्रिंग बसली की दोघी भांडतात. त्याला हलकी आणि ताठ फळी द्या.

भिंतीवर शेल्फ ठोकायचा झाला तर?

आधी भिंत ओळखा. ९ इंची विटांची भिंत सगळ्यात चांगली. साडेचार इंची चालते, पण पलीकडे शेजाऱ्यांचा मिक्सर लावलेला ओटा नाही ना, हे बघा. नव्या इमारतींत हलके सच्छिद्र ब्लॉक असतात, ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत जातं आणि पांढरी भुकटी पडते. त्यांत नेहमीचे अँकर फास्टनर धरत नाहीत, अशा ब्लॉकसाठीचे वेगळे मिळतात. जिप्समच्या पार्टिशनवर टर्नटेबल टांगायचा विचारही नको.

टर्नटेबल १०–१२ किलोचं असलं तरी ब्रॅकेट चौपट वजनाच्या हिशेबानं लावा, कारण कुणीतरी त्यावर हात टेकून वाकणारच.

यंत्रांचा क्रम कसा लावू?

टर्नटेबल वर, पॉवर अ‍ॅम्प खाली. एक म्हणजे जड वस्तू खाली असली की रॅक स्थिर राहतो. दुसरं, अ‍ॅम्पमधल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या जवळ कार्ट्रिज किंवा फोनो स्टेज आली की ५० हर्ट्झची घुमघुम ऐकू येते. फोनो स्टेज टर्नटेबलजवळ, अ‍ॅम्पपासून लांब.

अडचण येते व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची. ईएल-३४ किंवा केटी-८८ चा अ‍ॅम्प कप्प्यात कोंडला तर वरची फळी भाजून निघते. त्याला वर मोकळं आकाश हवं आणि टर्नटेबललाही वरचीच जागा हवी. दोघांना एका रॅकवर बसवायचा हट्ट सोडा. अ‍ॅम्पसाठी शेजारी एकच फळी, चार ठोकळे, जमिनीपासून वीतभर वर. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पवर निदान १० सेंमी मोकळी जागा ठेवा. मे महिन्यात विदर्भात हेही कमी पडतं, तिथे मी तरी १५ ठेवीन.

स्पीकर त्याच रॅकवर ठेवले तर?

नाही. स्पीकरची थरथर टर्नटेबलकडे, तिथून पुन्हा स्पीकरकडे, असा फेरा सुरू होतो आणि आवाज वाढवला की हंबरल्यासारखं ऐकू येतं.

आणि रेकॉर्डी?

खालच्या कप्प्यात ठेवता येतात, वजनामुळे रॅक स्थिरही होतो. पण एका एलपीचं कव्हरसकट वजन पाव किलोच्या आसपास, म्हणजे शंभराचे २५ किलो. ते पेलायचं असेल तर खालच्या फळीला मध्ये आधार द्या. कव्हर ३१.५ सेंमी असतं, कप्पा ३४ सेंमी उंच हवा. म्हणजे वर दिलेली मापं बदलतील. मी रेकॉर्डी वेगळ्या ठेवतो. पानातून उरलेल्या त्या ८ फुटी पट्टीचं खोकं करतो, कव्हर समोरून जेमतेम बोटभर बाहेर येतात, काढायला सोपं जातं. रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, तिरक्या नाहीत. भिंतीला चिकटून तर अजिबात नाहीत. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीची ओल कव्हरवर बुरशी आणते. आजोबांच्या लाखेच्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्या जड आणि ठिसूळ असतात, त्यांना सगळ्यात खालचा, कुणाचा हात लागणार नाही असा कोपरा.

वायरी कशा न्यायच्या?

मागून पाहिलं तर विजेच्या एका बाजूच्या पायाला, सिग्नलच्या दुसऱ्या. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. टर्नटेबलमधून येणारी बारीक हिरवी किंवा काळी अर्थची वायर फोनो स्टेजच्या स्क्रूला लावा. घुमघुम येत असल्याच्या तक्रारीत ती सुटलेली सापडणं ही माझ्या अनुभवात नेहमीची गोष्ट आहे. रॅक लोखंडी असेल तर मल्टीप्लगची वायर पाइपच्या धारदार कडेवर घासत नाही ना, हे नीट तपासा, आणि तीन पिनी प्लगची अर्थ-पिन कधीही काढून टाकू नका. घुमघुम जाते म्हणून तसं करणारे आहेत. जीवावरचं आहे ते.

पाली, मुंग्या, झुरळं?

उघड्या रॅकला हा प्रश्न आहेच. गरम अ‍ॅम्प म्हणजे पालीला थंडीतली शेकोटी. एक पाल पॉवर सप्लायवर आडवी झाली तर ती जाते आणि फ्यूजही जातो. अ‍ॅम्पची जाळी झाकायची नाही, तेव्हा उपाय एवढाच : रॅक भिंतीपासून वीतभर पुढे, वायरी जमिनीला लोळत न ठेवता बांधलेल्या, मागे महिन्यातून एकदा कुंचा. वाळवीसाठी खालच्या फळीच्या खालच्या बाजूलाही पॉलिश किंवा रंग हवा. दिसत नाही म्हणून सगळे तीच बाजू कोरी सोडतात.

पॉलिश कोणतं?

लाखेचं घरी जमतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून सुती बोळ्यानं पातळ हात, मधूनमधून २२० नंबरचा पॉलिश पेपर. मात्र गरम कप किंवा स्पिरिट लागलं की डाग पडतो. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) टिकाऊ, पण वास दोन दिवस घरात राहतो. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून पसरून वाळवा. सनमायका लावायचा तर फळीच्या दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावला की फळी वाटीसारखी वळते.

काहीच बनवायचं नाही. तयार काय घेऊ?

आयकियाचं लॅक टेबल. नवी मुंबईतलं त्यांचं दुकान डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडेही सहज मिळतं. ५५ बाय ५५ सेंमी, ४५ उंच. आत लाकूड नसून कागदाची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, त्यामुळे हलकं आणि वजनाच्या मानानं ताठ. एखाद्या हलक्या टर्नटेबलला ते कडप्प्यापेक्षा बरं. एकावर एक तीन चढवून त्यांवर ३० किलोचा अ‍ॅम्प ठेवू नका एवढंच.

रॅक झाला. गाणं लावण्याआधी काय तपासू?

अ‍ॅम्प सुरू करा, आवाज नेहमीचा ठेवा, टर्नटेबल बंद. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, अर्थात जुन्या, नकोशा रेकॉर्डवर. आता प्रत्येक फळीवर, पायावर, जमिनीवर बोटानं हलकेच ठोका आणि स्पीकरमधून काय येतं ते ऐका. बारीक 'टप' आला आणि लगेच मेला तर ठीक. घुमत राहिला तर ती फळी किंवा तो पाय अजून सैल आहे. कुणाला तरी खोलीतून नेहमीसारखं चालायला सांगा, पावलं ऐकू यायला नकोत. जोरात ठोकू नका, स्पीकरचा कोन बाहेर यायचा.

नट महिन्याभरानं पुन्हा आवळा, आणि पहिला पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात आणखी एकदा. लाकूड फुगून पुन्हा बसलेलं असतं, तेव्हा प्रत्येक नट पाव फेरा तरी घेतो.